हरणं डोंगराएवढी झाली!

प्रश्न : सातवीच्या मुलांबरोबर सागरेश्वर अभयारण्याची प्रतिकृती करतेय. बाजारातली पाच सेंमी उंचीची प्लास्टिकची हरणं ठेवली आणि डोंगरच बुटके दिसायला लागले. प्रमाण कसं शिकवू?
– एक शिक्षिका, पलूस

उत्तर : बाई, ती हरणं फेकू नका, मुलांना मोजायला द्या. अभयारण्य १०.८७ चौ. किमी आहे. तेवढाच चौरस धरला तर बाजू सुमारे ३.३ किमी. १:५००० प्रमाण घेतलंत की ६६ सेंमी, एका मोठ्या पुठ्ठ्यावर मावेल. डोंगराला पुठ्ठ्याचे थर. २ मिमीचा एक थर म्हणजे १० मीटर. या मापात तुमचं हरीण निघतं २५० मीटर उंच! हे उत्तर तुम्ही फळ्यावर लिहू नका, त्यांनाच काढू द्या. खरं सांबर खांद्याशी साधारण १४० सेंमी, म्हणजे इथे नुसता पेनाचा ठिपका. म्हणून एक पाणवठा वेगळा, १:५० ने करा. त्यात २.८ सेंमीचं सांबर, मातीचं, पट्टी लावून.

मुलं खरी अडतात क्षेत्रफळापाशी. १ सेंमी म्हणजे ५० मीटर, मग १ चौ. सेंमी म्हणजे ५० चौ. मीटर, असं माझ्या वर्गात दरवर्षी व्हायचं. मी आलेखाच्या कागदाचा एक चौकोन कापून तळहातावर ठेवायचे. ५० गुणिले ५०, २५०० चौ. मीटर, जवळजवळ पंचवीस गुंठे. गुंठे म्हटलं की शेतकऱ्यांची पोरं सावरतात. एकजण तो कपटा नखाने धरून म्हणाला होता, “बाई, एवढ्यात आमचा सगळा ऊस बसला!”