सिंकचा नळ बंद केला तरी ठिबकत राहतो, प्लंबर म्हणतो नळच बदला. बदलावा का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की घर घोडबंदर रोडला, बावीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, नळ जेमतेम दोन वर्षांचा आणि पाव फेऱ्यात बंद होणारा, शिवाय आठवड्यातून तीन-चार दिवस टँकरचं पाणी. एवढ्यावरून मला तरी वाटतं की नळ चांगला आहे, आतलं स्पिंडल, म्हणजे खुंटीबरोबर फिरून पाणी चालू-बंद करणारा भाग, तेवढं बिघडलंय.

मी प्लंबर नाही. नेरुळला सिडकोच्या घरात वाढलो, तिथे नळाचा वायसर बदलणं हे माझ्याच वाट्याचं काम होतं. आता मानपाड्याला राहतो आणि तुमच्यासारख्याच नळाशी दोनदा झटापट झाली आहे.

आधी नळ कोरडा पुसा आणि खाली वर्तमानपत्र पसरून पाणी नेमकं कुठून येतं ते बघा. मान फिरते त्या सांध्यातून येत असेल तर तिथली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, गेली. भिंतीपाशी ओल असेल तर आट्यांवर गुंडाळलेल्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा प्रश्न, त्या गळतीवर शेवटी लिहितो. टोकातून येत असेल तर दहा मिनिटं थांबा. बगळ्याच्या मानेसारख्या उंच नळात बंद केल्यावरही थोडं पाणी अडकून राहतं आणि टोकाची जाळी तुंबली असेल तर ते रेंगाळत ठिबकतं. ही गळती नव्हे. जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, पांढरा थर बुडबुडे येऊन सुटतो. दहा मिनिटांनंतरही थेंब पडतच असेल तर मात्र स्पिंडल.

जुन्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असायचा, तो झिजला की आपण नळ आणखी पिळायचो आणि तो आणखी झिजायचा. तुमच्या नळात रबर दाबलं जात नाही. सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकासमोर भोक आलं की पाणी चालू, बाजूला गेलं की बंद. त्यामुळे जोर लावून काही साधत नाही, उलट खुंटी तुटते. या चकत्यांमध्ये वाळूचा एक कण शिरला तरी ओरखडा पडतो. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं, जड, त्याचा क्षारही तिथेच साचतो.

दुसरी शक्यता दाबाची. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब धरा. गच्चीवरची टाकी तुमच्यापासून साठ मीटर उंच असेल तर नळावर सहा किलो! म्हणून उंच इमारतींत खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात. तो बिघडला असेल तर तुमचा एकट्याचा नळ गळणार नाही. शेजारी आणि खालच्या मजल्यावर विचारून या. त्यांचेही नळ गळत असतील तर सोसायटीला पत्र द्या, तुमच्या नळावर खर्च करू नका.

आता दुरुस्ती. त्याआधी नळाचं बिल शोधा. बऱ्याच कंपन्या स्पिंडलवर काही वर्षांची वॉरंटी देतात आणि त्यांचा माणूस घरी येऊन बदलून देतो. बिल सापडलं तर पुढचे दोन परिच्छेद वाचूच नका.

नाही सापडलं तर आधी पाणी बंद करा. हे वाटतं तेवढं सोपं नाही. भिंतीतून निघणाऱ्या सिंकच्या नळाला अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच नळाचं पाणी तोडणारा छोटा कॉक, नसतोच. लाइनचं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह ड्राय बाल्कनीत, संडासाच्या छताआड नाहीतर डक्टमध्ये दडलेला असतो. माझ्याकडचा वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे पूर्ण बंदच होत नव्हता, हे मला स्पिंडल बाहेर आल्यावर कळलं. व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून धार थांबली का बघा, मगच पान्हा हातात घ्या. सिंकच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू तिथेच जातो.

खुंटीवरचं छोटं बटण सुरीच्या टोकाने उचका, खाली स्क्रू दिसेल. काही नळांत बाजूला बारीक स्क्रू असतो, त्याला षटकोनी टोकाची चावी, एलन की, लागते. खुंटी आणि खालची क्रोमची टोपी निघाली की पितळी स्पिंडल. पान्ह्याच्या जबड्यात फडकं धरून डावीकडे फिरवा. तळाशी काळं रबर असतं. ते चपटं झालं असेल तर उलटं करून काही महिने निघतात, पण इतका खटाटोप केलाय तर स्पिंडलच नवं घाला. स्पिंडल बसतं ती जागा बोटाने चाचपा, क्षाराचा खरखरीत थर लागला तर पुसून काढा. त्या उघड्या तोंडावर प्लास्टिकचा मग उपडा धरून व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडा, आत अडकलेली रेती बाहेर पडेल. दुकानात जाताना जुनं स्पिंडल आणि खुंटी दोन्ही न्या. मी फोटो दाखवून आणलं आणि दात जुळले नाहीत. परत गेलो तर दुकान दुपारचं बंद, घरात पाणी नाही आणि स्वयंपाक अर्धवट. दुसऱ्यांदा आणलं ते उलट दिशेने उघडणारं निघालं, कारण गरम आणि गार बाजूची स्पिंडलं वेगळी असतात हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी जे बसलं ते 180 रुपयांचं होतं. बसवताना आधी हातानेच फिरवा. आटे तिरके बसले तर नळ खरोखरच बदलावा लागेल.

भिंतीपाशी गळत असेल तर मी स्वतः हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. हल्ली भिंतीत प्लास्टिकचे पाइप असतात. नळ जोरात पिळला तर आतला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, तडकतो, पाणी टाइल्सच्या मागे झिरपतं आणि ते कळतं ते खालच्या घराच्या छताला डाग पडल्यावर. तिथे प्लंबर बोलवा.

आणि सोसायटीची टाकी धुतली की पाणी आल्याबरोबर सिंकचा नळ उघडू नका. आधी बाथरूममधला जाळी नसलेला नळ बादलीत सोडा. पहिली बादली गढूळ निघते. तिच्या तळाशी जी रेती बसलेली दिसेल, तीच माझ्या पहिल्या स्पिंडलमध्ये सापडली होती.