लिनक्सचा प्रोग्राम ओएस/२ वर न्यायचा तर नुसतं रीकम्पाइल पुरतं का?

तुमचा प्रश्न असा, की सी भाषेत लिहिलेला लिनक्सचा प्रोग्राम ओएस/२ या आयबीएमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हवाय, जीसीसी हा कम्पायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) तिथे मिळतो, मग पुन्हा कम्पाइल केलं की काम झालं ना? कम्पाइल बहुधा होईल. पण खरा वेळ त्यानंतर जातो, कारण सगळ्यात छळणाऱ्या चुका कम्पायलरला दिसतच नाहीत.

मी चित्रांचा फॉरमॅट बदलणारं एक छोटं टूल तिकडे नेलं होतं. ना एरर, ना वॉर्निंग. फाइल तयार झाली, पण कुठल्याच व्ह्यूअरमध्ये उघडेना. दोन संध्याकाळी कॉम्प्रेशनचा कोड उलटापालटा केला. शेवटी फाइलचे सुरुवातीचे बाइट काढून पाहिले. पीएनजी या चित्र-फॉरमॅटचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०. माझ्या फाइलमध्ये ७१ च्या पुढे होतं १३ १३ १० २६ १३ १०. डॉस या जुन्या सिस्टीमपासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे तिथली सी लायब्ररी फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडते आणि लिहिताना प्रत्येक १० च्या, म्हणजे नव्या ओळीच्या खुणेच्या, आधी १३ घालते. पीएनजीच्या कर्त्यांनी ते आठ बाइट निवडले तेच असा घोटाळा पहिल्याच ओळीत पकडता यावा म्हणून. हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. बाइट जसेच्या तसे लिहिणारा बायनरी मोड सांगितला आणि टूल चाललं.

दुसरं दुखणं फोर्कचं, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) हुबेहूब दुसरी प्रत सुरू करणाऱ्या कॉलचं. ओएस/२ च्या कर्नेलमध्ये तो नाहीच. केलिबसी ही लायब्ररी त्याची नक्कल करते, म्हणजे मूळ प्रोसेसची मेमरी नव्या प्रोसेसमध्ये उतरवून देते. चालतं, पण जड पडतं. फोर्कच्या पाठोपाठ एक्झेक (प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवणारा कॉल) असेल तर नवा प्रोग्राम थेट सुरू करणारा स्पॉन वापरा. सिलेक्ट, म्हणजे कुठून डेटा आला याची वाट पाहणारा कॉल, तोही तिथे फक्त सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) चालतो. पाइपवर (दोन प्रोसेसमधल्या डेटाच्या नळीवर) वाट पाहणारा कोड असेल तर पाइपच्या जागी सॉकेटची जोडी घालावी लागते. आणि हो, डीएलएलचं (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी-फाइलचं) नाव आठ अक्षरांतच बसवायचं.

यातलं बरंचसं लोकांनी आधीच सोडवून ठेवलंय. आयबीएमने २००६ अखेर ओएस/२ चा सपोर्ट थांबवला, तरी २०१७ मध्ये त्याच पायावर आर्काओएस आली. पोल (सिलेक्टसारखंच काम करणारा कॉल) आणि एममॅप (फाइल मेमरीत जोडून घेणारा कॉल) यांसारख्या गोष्टींसाठी लिबसीएक्स ही लायब्ररी आहे. ती घ्या, स्वतः लिहीत बसू नका.

एक कळकळीची विनंती: बदल कोडभर इफडेफ (‘ही सिस्टीम असेल तरच हा कोड घ्या’ अशा अटी) पेरून करू नका. ओएस/२ पुरतं जे आहे ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि छोटे छोटे पॅच (बदलांचे तुकडे) करून मूळ प्रकल्पाला पाठवा. तुमच्याच डिस्कवर पडलेलं पोर्ट (दुसऱ्या सिस्टीमसाठी बदललेला प्रोग्राम) पुढच्या आवृत्तीला मोडतं, आणि मग तीच मेहनत दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून करावी लागते.

कम्पाइलच्या आधी सोर्समध्ये फोर्क, सिलेक्ट, एममॅप आणि फाइल उघडणाऱ्या सगळ्या जागा ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधून मोजा. किती दिवस लागतील याचा अंदाज त्या आकड्यावरून येईल.