आधी वेटिंग (weighting), मग सरासरी

नॅटसॅलचा, म्हणजे लोकांच्या लैंगिक वागणुकीवरच्या सर्वेक्षणाचा, डेटा पहिल्यांदा उघडतो आहेस, म्हणून सांगते. लगेच सरासरी काढायला बसू नकोस. ब्रिटनमधल्या या सर्वेक्षणात प्रत्येक घरातून एकाच व्यक्तीची निवड होते. त्यामुळे एकट्या राहणाऱ्याला निवडलं जाण्याची शक्यता पाच जणांच्या घरातल्या माणसापेक्षा जास्त. वेटिंग, म्हणजे ही कमीजास्त शक्यता भरून काढायला प्रत्येक उत्तराला दिलेला भार, लावल्याशिवाय काढलेला आकडा चुकीचाच समज.

सर्वेक्षणाच्या पहिल्या तिन्ही फेऱ्या सरळ शेजारी मांडू नकोस. 1990-91 मध्ये वय 16 ते 59, दुसरीत 16 ते 44, 2010-12 मध्ये 16 ते 74. शिवाय पहिल्या फेरीत नाजूक उत्तरं कागदी पुस्तिकेत लिहून घेतली, दुसरीपासून लोकांनी ती स्वतः संगणकावर भरली. पडद्यासमोर माणूस जास्त मोकळा होतो, म्हणून दिसणारी सगळी वाढ वागण्यातली नसते.

आता जोडीदारांच्या संख्येचा प्रश्न. इथे मात्र भरपूर वेळ दे. तिसऱ्या फेरीत पुरुषांनी आयुष्यभरातले सरासरी 14 विरुद्धलिंगी लैंगिक जोडीदार सांगितले, स्त्रियांनी 7. खरं तर दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्या यायला हव्यात. लगेच कुणाला खोटं ठरवू नकोस. आकड्यांचा आलेख काढ: 10, 20, 50 वर उंच खांब दिसतील. म्हणजे अनेकांनी मोजलं नाही, अंदाज केला. आणि अंदाज करणाऱ्यांत पुरुष जास्त. थोड्या लोकांचे फार मोठे आकडेही सरासरी ओढतात, म्हणून मध्यकही बघ.

आणि हो, प्रश्नावली मूळ शब्दांत वाच. ब्रिटनच्या थॅचर सरकारने पैसा नाकारल्यावर वेलकम ट्रस्ट या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेने उभं केलेलं हे काम आहे; लोकांनी अतिशय खासगी गोष्टी विश्वासाने सांगितल्या आहेत. तीन-चार जणांचा लहान गट तक्त्यात दिसला, तर तो छापू नकोस.