जप मोजू की पावलं?

प्रश्न : निवृत्त झाल्यापासून दर रविवारी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर सत्तरी तालुक्यातले डोंगर चढतो. मन जरा थाऱ्यावर यावं एवढाच हेतू. पण निम्मा वेळ पुढच्याच्या टाचा बघण्यात आणि घड्याळातली पावलं मोजण्यात जातो. बायको म्हणते, त्यापेक्षा सोमवारी देवळात चला. रानातल्या चालण्याला साधना म्हणता येईल का? चालताना नामजप करावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. सोमवारी देवळात जा, रविवारी रानात. गोव्यात देव आणि रान वेगळं काढणं तसंही कठीण. सातेरी देवी आपल्याकडे वारुळाच्या रूपात पुजतात, आणि सत्तरीत कितीतरी गावांनी देवाच्या नावाने राय, म्हणजे देवराई, राखलेली आहे.

माझं माहेर तिकडचंच. आजी आम्हाला रायीत न्यायची तेव्हा काठावरच चपला काढायला लावायची. आत फांदी मोडायची नाही, पडलेलं सरपणसुद्धा चुलीसाठी उचलायचं नाही. आत गेल्यावर मन शांत झालं का, हे तिने कधी विचारलं नाही. मला वाटतं, तुमची अडचण तिथेच आहे. शांती मिळाली का, हे तुम्ही दर वळणावर तपासता. त्यापेक्षा हे नियम पाळा. त्यांत सांभाळायला पुष्कळ आहे.

ग्रुप सोडू नका, पावसात एकट्याने तर जाऊच नका. फक्त एखादा रविवार शिखराला देऊ नका. सत्तरीतल्याच बांबरची निरंकाराची राय बघून या. तिथे चढ नाही, तुमच्या घड्याळाच्या पदरात फारसं काही पडणार नाही. रानजायफळाच्या जातीची झाडं दलदलीत उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती दुमडलेल्या गुडघ्यासारखी वर येतात आणि पुन्हा खाली जातात. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून प्रत्येक पाऊल बघूनच टाकावं लागतं. पुढच्याच्या टाचा बघायला सवडच राहत नाही! नशीब असेल तर मलबार ट्री निम्फ दिसेल. पांढरं, काळ्या ठिपक्यांचं मोठं फुलपाखरू. पंख मारण्याचीही घाई नसते त्याला.

जप करायचा तर सपाटीवर, मनातल्या मनात करा. चढणीवर दम लागलेला असताना नाम रेटायचं म्हणजे नामाचेही हाल आणि छातीचेही. गोव्यातल्या साखळी गावाकडचे वारकरी पंढरीला अभंग म्हणत चालतात, पण तो हमरस्ता. रानात मोठ्याने सुरू केलंत तर शेकरू दिसायचं राहून जाईल. (गव्यांची वाट आणि पुढे आंधळं वळण असेल, तर मात्र बोलत जावं. तिथे मौनाचा हट्ट नको.) मोबाइलवर ध्यानाचं संगीत लावून चालणाऱ्यांना मात्र मी घरीच बसा म्हणते.

जळवा लागणारच. चिमटीत धरून ओढू नका. तोंडाशी नख सरकवलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं नाही.

सत्तरीतलं बरंच रान 1999 पासून म्हादई अभयारण्यात आहे, 208 चौरस किलोमीटरचं. तिथे वन खात्याची परवानगी काढूनच जा, आणि पावसाळ्यात धबधब्याखाली उतरू नका, ग्रुपमधले कितीही आग्रह करोत. रायीत पाय ठेवण्याआधी गावात एखाद्या गावकराला, म्हणजे गावच्या मूळ घराण्यातल्या मानकऱ्याला, विचारा. काही ठिकाणी ठरावीक दिवशीच जाता येतं, काही ठिकाणी बायकांना आत घेत नाहीत. मला ते पटत नाही, पण वहिनींना तिथवर नेऊन परत फिरवण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी. जाताना एक नारळ असू द्या. देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे प्रार्थना, घालायचं असलं तर तो गावकरच घालील, तुम्ही हात जोडून बाजूला उभे राहा.