साताऱ्यात नाश्त्याला बाहेर पडताय?

नवीन बदली होऊन आलाय, तर आधी वेळेचं गणित समजून घ्या. सकाळी सातला काचेच्या दारांचे कॅफे शोधत बसू नका. त्यातले बरेच उशिरा उघडतात. त्या वेळेला पोवई नाक्याकडे किंवा राजवाड्याच्या बाजूला या आणि अजिंक्यतारा किल्ल्यावरून उतरणारी फिरायची मंडळी कुठं वळतात ते बघा. नवख्याला एवढी खूण पुरते.

मिसळ घ्यायची असेल तर रस्सा वेगळा मागा. ताटलीत आधीच ओतलेला असला की फरसाण लगेच मऊ पडतं, मग खाण्यात मजा नाही. वर तर्री दिसली म्हणून घाबरू नका. अर्धा चमचा चाखा, जमलं तर ओता. पोहे मात्र कढईतून वाफ येत असेल तरच घ्या. काउंटरवर झाकून ठेवलेल्या पोह्यांना लिंबू पिळून काही होत नाही.

आता कॉफी. साध्या हॉटेलात कॉफी म्हणजे दुधात ढवळलेली इन्स्टंट, आणि साखर सढळ. ‘साखर कमी’ हे ऑर्डर देतानाच सांगा. फिल्टर कॉफी उडपी पद्धतीच्या ठिकाणी मिळेल. तिच्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका भाजलेल्या मुळाची पूड असते, म्हणून कडवटपणा जास्त. कॅपुचिनोसाठी कॅफे ठीक, पण तिथले पोहे? माझं मत विचारू नका.

सप्टेंबरात शनिवार-रविवारी कास पठारावरची फुलं बघायला येणाऱ्यांची गर्दी असते. तेव्हा आठच्या आत खाऊन मोकळे व्हा.