वाचकांचे प्रश्न : अनुभवांचे साठे एकत्र करावेत की वेगळे ठेवावेत?

संगणकशास्त्राविषयी या वेळी बेळगाव जिल्ह्यातून तीन पत्रे आली आहेत. तिन्ही एकाच विषयाशी निगडित असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी बेळगावात संगणकशास्त्राच्या एम.टेक.च्या शेवटच्या वर्षात शिकते. उसाच्या रोगकिडींवर सल्ला देणारी केस-बेस्ड रिझनिंगची प्रणाली हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. खानापूर, चिकोडी, अथणी आणि निपाणी येथील नोंदी वेगवेगळ्या संगणकांवर आहेत. त्या बेळगावातील एका सर्व्हरवर आणाव्यात, की प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या प्रती ठेवाव्यात? प्रती जितक्या जास्त तितकी प्रणाली भक्कम, असे माझे मार्गदर्शक सांगतात.
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे वितरित प्रणालींच्या, म्हणजे जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांवर चालणाऱ्या प्रणालींच्या, अंगाने बरोबर आहे, परंतु केस-बेस्ड रिझनिंगच्या अंगाने ते पुरेसे नाही. तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न या दोन्ही शाखा जिथे एकमेकींना अडवतात तिथेच आहे, असे मला वाटते.

इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. केस-बेस्ड रिझनिंगच्या पद्धतीत संगणक सर्वसाधारण नियमांपासून सुरुवात करत नाही, तर पूर्वी सोडवलेल्या प्रकरणांपासून, म्हणजे अडचण आणि तिचा उपाय यांच्या जुन्या नोंदींपासून करतो. येल विद्यापीठातील रॉजर शँक यांनी १९८२ साली स्मृतीविषयी जी मांडणी केली, तिच्यातून ही शाखा वाढली. पुढे १९९४ साली आग्नार आमोट आणि एन्रिक प्लाझा यांनी तिचे चार टप्पे निश्चित केले : मिळतेजुळते जुने प्रकरण शोधणे, त्याचे उत्तर नव्या प्रकरणाला लावून पाहणे, ते चुकले तर दुरुस्त करणे आणि दुरुस्त झालेले प्रकरण पुढच्यासाठी जपून ठेवणे. जिथे पक्का सिद्धांत हाती नसतो, तिथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीत विमानांचे संमिश्र पदार्थांचे भाग मोठ्या दाबभट्टीत भाजले जात. कोणता भाग कुठे ठेवला असता सगळे भाग नीट भाजून निघतील, याचे पूर्ण गणित उपलब्ध नव्हते. कामगार पूर्वी यशस्वी झालेल्या मांडण्यांची रेखाचित्रे जपून ठेवत. १९९० च्या सुमारास वापरात आलेली ‘क्लेव्हियर’ ही प्रणाली त्याच मांडण्यांवर उभी होती.

आता तुमच्या उसाकडे येतो. समजा, अथणी भागातील चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता, आणि उपाय फेरस सल्फेटची फवारणी. दुसरीकडे हलक्या जमिनीच्या शेतात ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडून वाळू लागला आणि ओढताच बेट मुळासकट हातात आले. ही हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी. तिच्यासाठी अळ्या शोधाव्या लागतात, त्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी वापरावी लागते आणि पुढच्या वर्षी वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करून मारावे लागतात. दोन्ही नोंदींत ‘ऊस पिवळा पडला’ एवढेच लिहिले असेल, तर त्या संगणकाला जुळ्या वाटतील. अथणीची नोंद अथणीच्याच साठ्यात असते, तेव्हा जमीन चुनखडीची आहे हे न लिहिताही गृहीत असते. ती बेळगावच्या सामाईक साठ्यात गेली की ते गृहीतक मागे राहते आणि उपाय तेवढा पुढे जातो. खानापूरचा घाटमाथा अतिपावसाचा आणि अथणीचा पूर्व भाग कमी पावसाचा, असा फरक एकाच जिल्ह्यात असताना हा धोका लहान समजू नये.

अमेरिकेतील संशोधक डेव्हिड लीक आणि राजा सूरियामूर्ती यांनी २००१ च्या सुमारास नेमका हाच प्रश्न हाताळला. वेगवेगळ्या परिस्थितीत तयार झालेले प्रकरणसाठे सरसकट एकत्र न करता वेगळे ठेवावेत, आपल्या साठ्यात पुरेसे जवळचे प्रकरण नसेल तेव्हाच बाहेर विचारावे आणि बाहेरून आलेले उत्तर आपल्या परिस्थितीला जुळवून घेऊन मगच वापरावे, असा त्यांच्या कामाचा रोख आहे. तुमच्या प्रबंधाचा आराखडा मी तरी याच दिशेने आखला असता.

प्रतींबद्दलचा माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. चार ठिकाणचे संगणक एकमेकांना विचारून बहुमताने निदान करणार असतील, तर त्या बहुमताला किंमत केव्हा येते? फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से यांनी १७८५ मध्येच दाखवले होते, की प्रत्येक मत निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असेल आणि मते परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर मतदारांची संख्या वाढेल तसे बहुमत अधिक विश्वासार्ह होते. प्लाझा आणि सांती ओन्तान्योन यांनी अनेक एजंटांच्या, म्हणजे स्वतंत्रपणे निर्णय घेणाऱ्या संगणकीय घटकांच्या, प्रणालींवर केलेल्या कामातही चुका परस्परांशी निगडित नसणे हीच अट महत्त्वाची ठरते. तुम्ही सगळ्या नोंदी सगळीकडे उतरवून ठेवल्या, तर चारही संगणक एकच चूक करतील आणि पडद्यावर दिसेल ‘चारपैकी चार सहमत’. ते एकाच साक्षीदाराचे चार वेळा घेतलेले बयान होय. शेतकऱ्याच्या दृष्टीने असे खोटे एकमत हे मतभेदापेक्षा घातक आहे, कारण मतभेद दिसला तर तो निदान शेजाऱ्याला तरी विचारतो.

याचा अर्थ प्रती करूच नयेत असा नाही. यंत्र बंद पडले तर नोंद नष्ट होऊ नये, यासाठी प्रती हव्यातच. फक्त प्रत्येक नोंदीवर ती मूळची कुठली हे लिहिलेले असावे आणि मत देताना प्रत्येक केंद्राने स्वतःच्याच नोंदी मोजाव्यात. बाहेरच्या प्रती फक्त त्या केंद्राशी संपर्क तुटला असताना वापराव्यात आणि तसे उत्तरात स्पष्ट सांगावे.

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात संपर्क तुटतो हे तुम्ही जाणताच. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली एक अनुमान मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ते २००२ साली सिद्ध केले : जाळ्याचे असे तुकडे पडले असता सर्व प्रतींची एकवाक्यता आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर, या दोन्हींची हमी एकाच वेळी देता येत नाही. तुमच्या कामात हा पेच बराचसा सौम्य होतो, कारण जतन केलेले प्रकरण सहसा बदलत नाही. नवी नोंद दोन दिवस उशिरा पोचली म्हणून जुनी खोटी ठरत नाही. अपवाद एकच, पण तो गंभीर आहे : उपाय फसला अशी दुरुस्ती. ती नव्या नोंदींच्या आधी पोचली पाहिजे. कोणती दुरुस्ती आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवताना संगणकांच्या घड्याळांवर विसंबू नका. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली सुचवलेले तार्किक घड्याळ, म्हणजे खरी वेळ न पाहता घटनांना चढते क्रमांक देण्याची रीत, या कामासाठी पुरेसे आणि सोपे आहे. मात्र दोन दुरुस्त्या एकमेकींची माहिती नसताना झाल्या असतील, तर ते घड्याळ त्यांना कसा तरी क्रम लावून देते. तो क्रम खरा मानू नये, दोन्ही दुरुस्त्या माणसापुढे ठेवाव्यात.

प्रश्न : आता चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-प्रतिमाने कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत असताना केस-बेस्ड रिझनिंगसारख्या जुन्या पद्धतीवर संशोधन कशाला?
— एक शिक्षक, निपाणी

उत्तर : कारण उत्तर कुठून आले हे दाखवता येणे, ही या पद्धतीची जमेची बाजू आजही टिकून आहे. बाहेरचे दस्तऐवज शोधून ते प्रतिमानापुढे ठेवण्याची रीत २०२० पासून रूढ झाली आहे, आणि वरच्या चार टप्प्यांपैकी पहिले दोन तीत ओळखू येतात. उरलेले दोन, म्हणजे प्रत्यक्ष शेतात काय झाले ते पाहून दुरुस्ती करणे आणि ती जपणे, तिथे आपोआप होत नाहीत. या दोन टप्प्यांसाठी हे संशोधन हवे आहे.

प्रश्न : मी शेतकरी आहे. माझ्या वहीत ऊस आणि भाताच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी मराठीत आहेत, सरकारी कागद मात्र कन्नडमध्ये आहेत. अशा नोंदी या यंत्रांना चालतात का? आणि इतक्या जुन्या नोंदी ठेवून उपयोग काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : चालतात, आणि सीमाभागातील प्रणालीने त्या चालवून घेतल्याच पाहिजेत. मराठीतला खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, कन्नड नोंदीत कूळे म्हणून येतो, एवढ्यावरून यंत्राने दोन वेगळी पिके समजता कामा नये. यासाठी प्रत्येक नोंदीतून जमीन, वाण, लागणीचा महिना, लागण की खोडवा, पाण्याची सोय, लक्षण, उपाय आणि परिणाम हे तपशील वेगळे काढावे लागतात. एकदा ते काढले, की मूळ वाक्य कोणत्या भाषेत होते याने फारसे बिघडत नाही. मूळ वाक्य मात्र पुसू नये, कारण तपशील काढताना झालेली चूक पुढे त्यावरूनच सापडते.

सगळ्याच जुन्या नोंदी ठेवण्याची गरज नसते, हेही खरे. साठा फार वाढला की शोध मंदावतो. बॅरी स्मिथ आणि मार्क कीन यांनी १९९५ साली दाखवले, की नोंद टाकायची की नाही हे तिच्या वयावरून ठरवू नये. तिच्याशिवाय जे प्रश्न अनुत्तरित राहतील, त्यांवरून ठरवावे. ज्यांच्यासारख्या दहा नोंदी आहेत त्यांतल्या काही गेल्या तरी चालतात. दुसरी कोणतीही नोंद जिची जागा घेऊ शकत नाही, ती कितीही जुनी असली तरी राहिली पाहिजे. तुमच्या वहीतले एखादे अवकाळी पावसाचे वर्ष, किंवा उपाय करूनही पीक हातचे गेले तो हंगाम, अशाच नोंदींत बसेल. फसलेले उपाय लोक सहसा लिहून ठेवत नाहीत. तुम्ही ते लिहिले असतील, तर वहीची छायाचित्रे काढताना त्या पानांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक पानावर शेत कोणत्या गावचे व जमीन कशी, एवढे आजच लिहून टाका.