हार्डवेअर हाताशी नसताना लिनक्स ड्रायव्हरच्या पॅचचा रिव्ह्यू कसा करावा?

तुमचा प्रश्न असा दिसतो: नेटवर्क कार्ड रिसेटनंतर कधीकधी उठत नाही, म्हणून कोणीतरी ड्रायव्हरमध्ये एमस्लीप(10), म्हणजे ‘10 मिलिसेकंद थांब’, अशी एक ओळ घातली आहे. ते कार्ड तुमच्याकडे नाही, तर मत द्यायचं कशाच्या जोरावर? देता येतं की. एका ओळीचे पॅच, म्हणजे कोडमधले असे सुचवलेले बदल, मी तर जास्तच सावकाश वाचतो.

आधी पॅचचं वर्णन वाचा. ‘चालत नव्हतं, थांबल्यावर चालतं’ एवढंच लिहिलं असेल तर सरळ विचारा की हे 10 मिलिसेकंद आले कुठून. डेटाशीटमधून (कार्ड बनवणाऱ्याच्या तांत्रिक माहितीपत्रातून) आले असतील तर तसं कोडमध्ये लिहून मागा. 5 ला चालेना आणि 10 ला चाललं, असा हिशेब असेल, तर दुसऱ्या मशीनवर 12 लागणार नाहीत कशावरून?

मग रिसेटची ओळ. कार्ड पीसीआयचं असेल तर रिसेटचा बिट राइटएलने (कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनने) लिहिलेला असणार. हे राइट ‘पोस्टेड’ असतात. प्रोसेसर लिहून मोकळा होतो, पण राइट वाटेतल्या ब्रिजमध्येच (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणाऱ्या चिपमध्ये) रेंगाळत असू शकतो. म्हणजे इकडे आपण घड्याळ लावून बसलोय आणि कार्डाला रिसेटचा पत्ताच नाही! यावर नेहमीचा उपाय म्हणजे राइटनंतर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर रीडएल या वाचणाऱ्या फंक्शनने वाचायचं. आधीचा राइट पोचल्याशिवाय ते वाचन पुरं होत नाही. थांबायचं ते त्यानंतर.

पण हे सुचवताना जरा जपून. इंटेलच्या ई1000ई ड्रायव्हरमध्ये आयसीएच8 चिपसेटच्या रिसेटपाशी उलटंच केलेलं सापडेल. इथे असं वाचन केलं तर हार्डवेअर लटकतं, अशी कॉमेंट आणि खाली नुसतं एमस्लीप(20). दिसायला तुमच्या पॅचसारखीच ओळ, पण का ते शेजारी लिहिलंय. मला तुमच्या लेखकाकडून तेवढंच हवं आहे. रिसेट संपल्याचा बिट कार्डात असेल तर मात्र आंधळं थांबण्यापेक्षा रीडएल-पोल-टाइमआउटने ठराविक मुदतीपर्यंत तो तपासत राहणं केव्हाही बरं.

आता हे फंक्शन कोण कोण बोलावतं ते शोधा. यासाठी कार्ड लागत नाही, कोडमध्ये शब्द शोधणारा ग्रेप पुरतो. एमस्लीप झोपतं, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामाला देतं. स्पिनलॉक (ज्याच्यासाठी इतर प्रोसेसर न झोपता ताटकळतात ते कुलूप) धरलेला असताना किंवा इंटरप्टमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देताना) झोपलं की ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ ही कर्नलची तक्रार ठरलेली. ट्रान्समिट टाइमआउटचा कॉलबॅक (पाठवणी अडकली की कर्नल बोलावतो ते फंक्शन) नीट बघा, तो टायमरमधून येतो आणि तिथेही झोपता येत नाही. बरेच ड्रायव्हर तिथून रिसेट वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत, जिथे झोपता येतं) ढकलतात. तुमचा थेट करत असेल तर पॅच तिथेच अडला. लेखकाला डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप (अशी चुकीची झोप पकडणारा पर्याय) चालू केलेल्या कर्नलवर चालवून लॉग पाठवायला सांगा.

20 पेक्षा कमी आकडा बघून चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) कुरकुर करेल, कारण एमस्लीप(10) प्रत्यक्षात 20 मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकतं. रिसेटमध्ये त्याने सहसा काही बिघडत नाही. त्यावर वाद घालू नका.

दोष ड्रायव्हरमध्येच आहे का, हेही विचारा. 2008 मध्ये लिनक्स कर्नल 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्यांत याच ई1000ई ची कार्डं निकामी होत होती, त्यांची एनव्हीएम (वीज गेली तरी टिकणारी) मेमरी खराब व्हायची. सगळ्यांचा संशय ड्रायव्हरवर. एनव्हीएमला लेखनापासून कुलूप घातलं गेलं, ते योग्यच होतं, पण चोर निघाला डायनॅमिक एफट्रेस, कर्नलमधली फंक्शनं कधी चालतात ते टिपणारी सोय. मोकळ्या झालेल्या मॉड्यूल मेमरीच्या पत्त्यावर तो लिहीत होता आणि तिथे आता कार्डाची मेमरी जोडलेली असायची. 2.6.27.1 मध्ये तो बंदच केला.

हे सगळं पटलं तर ‘रिव्ह्यूड-बाय’ (मी तपासलं, अशी ओळ) खुशाल द्या, त्याला कार्ड लागत नाही. ‘टेस्टेड-बाय’ (मी चालवून पाहिलं) लेखकाशिवाय दुसऱ्या कोणाकडून, ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याच्याकडून, येऊ द्या. आणि जुन्या स्थिर कर्नलमध्येही हा पॅच जायचा असेल तर ‘फिक्सेस’ची ओळ आहे का बघा, कोणत्या कमिटपासून (आधी नोंदवलेल्या बदलापासून) बिघडलं हे लेखकाला सांगता येत नसेल, तर पुन्हा त्या 10 मिलिसेकंदांचा प्रश्न विचारा.